ऑफिसची आउटिंग ठरवायची आहे? परतीच्या बसपासून सुरुवात करा

मुंबई-पुण्याच्या कंपन्या टीम बिल्डिंगसाठी गोव्यात येतात. त्यांचं काम सोपं असतं. तिकिटं काढली, किनाऱ्याजवळचं रिसॉर्ट धरलं की माणसं खूश. आपण इथेच राहतो, इथेच नोकरी करतो. मोरजीच्या माणसाला किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचं काय कौतुक? आमच्या पॅकिंगमधला एक जण मला म्हणाला होता, "मॅडम, तो समुद्र आमच्या माडांमागे आहे. त्यासाठी रविवार कशाला घालवू?"

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं एचआर आणि प्रशासन सांभाळते. आमच्याकडे माणसं पेडण्यापासून काणकोणापर्यंतची आहेत. ऑपरेटर आहेत, इंजिनियर आहेत, अकाउंट्सवाले आहेत, आणि आउटिंगचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. तुम्ही एचआरमध्ये नवे असाल, किंवा "तुझं सगळ्यांशी जमतं ना" म्हणून हे तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर पुढचं वाचा. चाळीस ते दीडशे माणसांच्या ऑफिसला किंवा कारखान्याला ते लागू पडेल.

माणसं का येत नाहीत याची कारणं शोधायला गेलात तर ती बहुतेक वेळा वारात, ताटात आणि घरी जायच्या वाहनात सापडतात. कार्यक्रम कोणता हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून या लेखातला क्रम उलटा वाटेल: आधी माणसं, मग परतीची वेळ, मग तारीख, आणि त्यानंतर काय करायचं ते.

१. "टीम" म्हणजे कोण, ते साहेबांकडून लेखी घ्या

गोव्यातल्या कारखान्यांत कायम कामगारांच्या बरोबरीने कंत्राटी माणसं असतात. शिवाय हाउसकीपिंगच्या बायका, कँटीनची पोरं, गेटवरचे वॉचमन, ट्रेनी. यांतले कोण येणार हे पहिल्या दिवशीच ठरलं पाहिजे, कारण बजेट, बस आणि जेवण तिन्ही त्यावर चालतं. कंत्राटदाराच्या माणसांना न्यायचं असेल तर कंत्राटदाराशी बोला. त्या दिवसाची हजेरी लागणार का, पगार कापणार का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. तोंडी "हो मॅडम"वर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर सगळ्यांना न्या. बजेट कमी असेल तर दूरचं रिसॉर्ट सोडा, साधी जागा धरा, पण गेटवरून बस निघताना हाउसकीपिंगच्या बायका झाडू हातात धरून बघत उभ्या आहेत हे चित्र नको. वर्षभर टीम-टीम म्हणून जे बोललात ते सगळं त्या एका सकाळी वाहून जातं.

उत्पादन बंद ठेवता येत नसेल तर दोन तुकड्या करा, वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही तुकड्यांना जागा आणि मेन्यू तोच ठेवा. नाहीतर "पहिल्या बॅचला इसवण (सुरमई), आम्हाला बांगडा" हे पुढच्या चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) ऐकावं लागतं.

२. विचारा, पण सगळ्यांदेखत नको

व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल टाकणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निकामी मार्ग. कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. मॅनेजरने एकदा "दूधसागर" दाबलं की खालची सगळी मतं दूधसागरला. ऑफिस स्टाफसाठी नाव न विचारणारा गूगल फॉर्म करा, आणि शॉप फ्लोअरसाठी टाइम ऑफिसजवळ चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. चिठ्ठी मराठीत आणि कोकणीत छापा, बाहेरच्या राज्यांतली माणसं असतील तर हिंदीतही.

"तुम्हाला काय आवडेल?" असं विचारू नका. उत्तर येतं "काहीही चालेल". त्याऐवजी हे चार प्रश्न विचारा:

- कोणता वार किंवा कोणती तारीख नको?
- घरी किती वाजेपर्यंत पोहोचायलाच हवं? आणि रोज कसे जाता: कंपनीची बस, स्वतःची गाडी, सरकारी कदंब बस, प्रायव्हेट बस?
- काय खात नाही? काही खाल्ल्याने त्रास होतो का?
- काय करायला सांगितलं तर मुळीच आवडणार नाही?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं वाचण्यासारखी असतात. स्टेजवर नाचायला लावू नका. पाण्यात उतरायला सांगू नका. साहेबांच्या टीममध्ये घालू नका. "रस्सीखेच नको, गेल्या खेपेला पाठ धरली होती." या यादीवर काट मारत गेलात की अर्धा कार्यक्रम आपोआप ठरतो.

मग तीन पर्याय काढा. प्रत्येकापुढे ठिकाण, वार, निघायची वेळ आणि घरी पोहोचायची वेळ लिहा आणि त्यावर मत घ्या. येणार का, असं विचारल्यावर जो "पळोवया" (बघूया) म्हणतो तो येत नाही हे धरून चला. आणि न येणाऱ्याला कारण विचारू नका. सक्तीने आलेला माणूस दिवसभर कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतो आणि शेजारच्यालाही बसवतो.

३. परतीची वेळ आधी पक्की करा

गोव्यात संध्याकाळनंतर गावाकडच्या प्रायव्हेट बसेस विरळ होतात. वाळपई, सांगे, काणकोण, पेडण्याच्या आतल्या गावांना शेवटची बस चुकली की घरच्या कुणालातरी स्कूटर घेऊन बोलवावं लागतं. तुमच्या कार्यक्रमात साडेपाच वाजता लक्ष ठेवून बघा: काही बायकांच्या मांडीवर पिशवी आलेली असेल. स्टेजवर कितीही रंगलेलं असो, त्या आता मनाने बसस्टॉपवर आहेत.

म्हणून शेवटाकडून हिशेब करा. समजा, सगळ्यात लांबचा माणूस वाळपईचा आहे आणि त्याला सातपर्यंत घरी पोहोचायचं आहे. कार्यक्रम फोंड्याजवळ असेल तर वाळपईची गाडी साडेपाचला सुटली पाहिजे. म्हणजे पाचला सगळं आटोपलेलं, साडेचारला चहा, चारला शेवटचा खेळ. सहापर्यंत लांबलं तरी चालेल हा विचार पणजीत घर असलेल्यांचा असतो, आणि ठरवणारे बहुतेक वेळा पणजी-मडगावचेच असतात.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, ज्यांच्या स्कूटर कारखान्यात लावलेल्या आहेत त्यांना परत कारखान्यात सोडावं लागतं. गाडी जर परस्पर म्हापशाला गेली तर ते अडकले. दोन, सकाळी बस ज्या थांब्यांवरून माणसं घेते, संध्याकाळी त्याच थांब्यांवर सोडेल का, हे बसवाल्याशी आधी बोलून ठेवा. "पॉइंट टू पॉइंट" ठरलं असेल तर तो आत गावात शिरणार नाही, आणि आयत्या वेळी वाद होतो.

४. तारीख: पंचांग, फेस्तांची (चर्चच्या सणांची) यादी आणि शिफ्टचा तक्ता एकत्र उघडा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

आधी वार. रविवार नको. तो माणसांचा स्वतःचा आहे, आणि तुम्ही त्यावर हात टाकलात की "टीम बिल्डिंग" म्हणजे फुकटचा ओव्हरटाइम असं त्यांच्या मनात बसतं. कामाचा दिवस घ्या आणि हजेरी "ड्यूटीवर" लावा. सोमवारी आणि गुरुवारी गोव्यातल्या बऱ्याच हिंदू घरांत नुस्तं (मासे) शिजत नाही, काहींचा शनिवारही असतो. शुक्रवार चांगला, पण ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी ख्रिश्चन सहकारी मांस खात नाहीत. मासे मात्र चालतात. सगळं चाळून उरतात ते मंगळवार आणि बुधवार. आमच्याकडे बहुतेक वेळा बुधवारच ठरतो. त्या बुधवारी एकादशी किंवा संकष्टी येत नाही ना, तेवढं बघून घ्या.

मग महिना. श्रावणात मांसाहार नाही, शिवाय धो धो पाऊस. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस माणूस शरीराने ऑफिसात आणि मनाने माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) सामानात असतो, तेव्हा काही ठरवू नका. चवथीनंतर पितृपक्ष लागतो, म्हाळाची आमंत्रणं असतात. दसरा-दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक गावाची तारीख वेगळी. जुन्या गोव्याचं फेस्त ३ डिसेंबरला, पणजी आणि मडगावच्या सायबिणीचं (मदर मेरीचं) ८ डिसेंबरला. नंतर नाताळ. २० डिसेंबर ते ५ जानेवारीत गाड्या मिळत नाहीत, जागा मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर पर्यटकांच्या भावात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल, शिगमो आणि पोरांच्या बोर्डाच्या परीक्षा. रमजान कधी येतो ते दरवर्षी बघावं लागतं, रोजा धरलेल्या माणसासमोर बुफे मांडणं बरं दिसत नाही.

डिचोलीकडची माणसं जास्त असतील तर शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेची तारीख जरूर बघा. ती वैशाख शुद्ध पंचमीला असते, म्हणजे एप्रिलअखेर किंवा मे. व्रतस्थ धोंड (देवीचे भक्त) जत्रेच्या आधी कडक सोवळं पाळतात. बाहेरचं, परक्याच्या हातचं खात नाहीत. त्या आठवड्यात पार्टी ठेवली की तुमच्या लाइनवरचे चार-पाच जण आलेच नाहीत म्हणून समजा, आणि त्याबद्दल त्यांना विचारणंही शोभत नाही.

एवढं सगळं वगळल्यावर काय उरतं? जानेवारीचा दुसरा पंधरवडा, नोव्हेंबरचा मधला भाग, आणि पावसाचं वावडं नसेल तर जुलैची सुरुवात, श्रावण लागण्याआधी. पणजीत काही करायचं असेल तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी असते हेही बघा.

५. काय करायचं

पहिल्यांदा जे नको ते.

हेड ऑफिसकडून "कॅसिनो नाइट"ची सूचना येईल. नम्रपणे कळवा की गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे निम्म्याहून जास्त टीम दारातूनच परत येईल.

बाहेरून फॅसिलिटेटर बोलावून डोळे मिटून मागे पडायचे, एकमेकांच्या कानात गुपितं सांगायचे खेळ लोकांना संकोचाचे वाटतात, विशेषतः बायकांना. समुद्रकिनारा साफ करण्याचा उपक्रम चांगला आहे, पण तो आउटिंग म्हणून विकू नका. बॅनर, टोपी आणि फोटोग्राफर दिसला की माणसांना कळतं की आपण कुणाच्यातरी अहवालासाठी वाकतोय.

क्रिकेट ठेवलं तर तीच पंधरा मुलं खेळतात आणि बाकीचे सावली शोधतात. सामना हवाच असेल तर बॉक्स क्रिकेट, सहा-सहा जणांचं, प्रत्येक संघात किमान दोन बायका आणि एक पन्नाशीच्या पुढचा, आणि सगळ्यांना गोलंदाजी सक्तीची. हा नियम लावल्यावर आमच्या स्टोअर्समधल्या एका बाईंनी प्लांट हेडचा त्रिफळा उडवला. तो किस्सा अजून कँटीनमध्ये सांगतात, दर वेळी स्टंप थोडा लांब उडतो.

आता जे चालतं ते.

मसाल्याची बाग, फोंडा परिसर. सावईवेरे, केरी, कुर्टी या भागांत अशा बागा आहेत. सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितलेल्या असतात म्हणून नाकं मुरडली जातात, पण मिश्र वयाच्या गटासाठी याहून सोयीची जागा मला सापडलेली नाही. सावली आहे, चालणं थोडं आहे, जेवण तिथेच मिळतं, फोंडा मध्यावर असल्यामुळे उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडच्यांना परतायला बरं पडतं. पर्यटकांची माहितीफेरी टाळा आणि जागा फक्त अर्ध्या दिवसासाठी घ्या.

चोडण. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की सलीम अली पक्षी अभयारण्य. पावणेदोन चौरस किलोमीटरचं छोटं खारफुटीचं रान आहे. तीस-चाळीस माणसांपर्यंत ठीक, त्याहून मोठा गट नको, पक्षीही उडतात आणि माणसंही कंटाळतात. होडीने खाडीत जायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघा, ओहोटीला होडी आत जात नाही. मोठी बस फेरीबोटीवर चढवण्याच्या भानगडीत पडू नका. बस रायबंदरला ठेवा, माणसं चालत फेरीत चढवा आणि पलीकडे छोट्या गाड्या सांगून ठेवा. गंमत म्हणजे आमच्यातल्या दक्षिणेकडच्या सासष्टी तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी चोडण कधी पाहिलंच नव्हतं.

कुशावतीचा काठ. रिवणजवळ पणसायमळला नदीकाठच्या जांभ्या दगडात कोरलेली प्रागैतिहासिक चित्रं आहेत: बैल, हरणं, आणि तो प्रसिद्ध गोल भूलभुलैया. तिथून नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी. दिवस छान जातो, पण पेडणे-बारदेशच्या माणसांना खूप लांब. तुमचा कारखाना कुंकळ्ळी किंवा केप्याच्या बाजूला असेल तरच विचार करा. पावसाळ्यात पणसायमळ नको, नदी चढते.

दूधसागर. मागणी सगळ्यात जास्त, सोय सगळ्यात कमी. कुळ्याहून जीप घ्याव्या लागतात, लाइफ जॅकेट घालावं लागतं, हंगामात गर्दी असते आणि मोठ्या गटाला एकाच वेळी एवढ्या जीपा मिळणं अवघड. वीस-पंचवीस जणांच्या तरुण ऑफिसला ठीक. गुडघे दुखणारी माणसं असतील तर नको.

म्हादईवरचं राफ्टिंग. पावसाळ्यात वाळपई परिसरात चालतं. फक्त ज्यांना हवं त्यांच्यासाठी ठेवा, सगळ्या टीमचा कार्यक्रम म्हणून कधीच नको.

कारखान्यातच नाटक, भजन, घुमट आरती (घुमट या मातीच्या वाद्यावरची). बाहेर जाण्याइतके पैसे नसतील तर याची लाज वाटायचं कारण नाही. गोव्यात गावोगावी देवळासमोर जत्रेला नाटकं होतात. तुमच्या डिस्पॅचमधला अबोल माणूस गावच्या नाटकात दरवर्षी खलनायक करत असतो, हे तुम्हाला ठाऊकच नसतं. वीस मिनिटांच्या छोट्या एकांकिका विभागवार ठेवा, तालमीला कामाच्या वेळेतले आठवड्याचे दोन तास द्या. तालमीचे ते तासच खरे टीम बिल्डिंग, कारण मेंटेनन्स आणि क्वालिटी एरवी फक्त भांडायला एकत्र येतात. विभाग मिसळून गट केलेत तर आणखी उत्तम. भजन किंवा घुमट आरती ठेवलीत तर तिच्या जोडीला ख्रिश्चन घरांतली कोकणी गाणी, कांतारां-मांडोही ठेवा, म्हणजे कोणालाच परकं वाटणार नाही.

नाटकाला जाणं. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव आणि साखळीचं रवींद्र भवन, पणजीची कला अकादमी. दुपारचा प्रयोग असेल तरच. रात्रीचा असेल तर तिसरी पायरी पुन्हा वाचा.

खेळांबद्दल एकच सांगते: हाऊजीला (तंबोलाला) नावं ठेवू नका. तुम्हाला ती जुनाट वाटेल, पण गोव्यात लग्नापासून फेस्तापर्यंत हाऊजी चालते ती उगाच नाही. बसून खेळता येते, इंग्रजी यावं लागत नाही, साहेब आणि हेल्पर दोघांचं नशीब सारखं. बक्षीस कामाचं ठेवा, प्रेशर कुकर किंवा पेट्रोलचं कूपन. कंपनीच्या लोगोचा कॉफी मग कोणालाच नको असतो.

६. जेवण

कोटेशनमध्ये "फिश फ्राय" एवढंच लिहिलं असेल तर ताटात काय येईल ते केटररच्या मर्जीवर. इसवण, बांगडा, की मोरी (लहान शार्क), हे नाव आणि माणशी किती तुकडे ते लिहून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात मासे महाग आणि बऱ्याचदा बर्फातले. तेव्हा कोंबडीवर या.

शाकाहारी जेवण वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चमच्यांनी. ते पनीरवर संपवू नका. खतखते, मुगागाठी, सोलकढी असली की मासेखाऊसुद्धा त्या टेबलाकडे वळतात, म्हणून ते थोडं जास्तच सांगा. पोर्क ठेवायचं असेल तर ते तिसऱ्या टेबलावर, ठळक पाटी लावून. बीफचा विषय काढूच नका. सुंगटांनी (कोळंबीने) ज्यांच्या अंगावर पित्त उठतं अशी दोन-चार माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. हुमणात (माशांच्या कालवणात) सुंगटं घातली असतील तर पाटीवर लिहा.

जेवण पाऊण वाजता मांडलेलं पाहिजे. ड्रायव्हर आणि क्लीनर यांची पानं मोजणीत धरा.

७. दारू, पाणी, कायदा

दिवसाच्या कार्यक्रमात दारू ठेवू नका. हे मी सोवळेपणाने सांगत नाही. ज्यांना घ्यायची आहे ते संध्याकाळी आपापले जातात आणि मजेत असतात. ऑफिसच्या खर्चाने दिली की नवऱ्याला फोन करून "लवकर न्यायला ये" म्हणणाऱ्या बायका मला माहीत आहेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामानिमित्त जिथे जातो ती जागा, आणि कंपनीने दिलेलं वाहनसुद्धा, कामाची जागा धरली जाते. आउटिंगच्या बसमध्ये कोणी चावट बोललं तर तक्रार अंतर्गत समितीकडेच जाते. हे निघायच्या आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर दोन ओळींत लावा. समितीतली एक सदस्य प्रत्येक बसमध्ये असू द्या.

तरीही वरून दारूचा आग्रह झालाच, तर परवाना असलेली जागा घ्या. परवाना नसलेल्या जागेत द्यायची असेल तर अबकारी खात्याचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. २१ वर्षांखालच्यांना देता येत नाही, आणि तुमच्या ट्रेनींमध्ये तसे बरेच असतात. कोणीही स्वतःची गाडी घेऊन यायचं नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडला तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं आणि स्वयंपाक मांडणं यालाही दंड आहे.

पाण्याबद्दल जास्त कडक राहा. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं नाही. एरवीही लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, लाल झेंडा असेल तर नाही. नद्या, धबधबे, पाण्याने भरलेल्या चिऱ्यांच्या खाणी यांवर पावसाळ्यात प्रशासन आणि वन खातं बंदी घालतं. आदेश बदलत राहतात म्हणून त्या आठवड्याचं वर्तमानपत्र बघा. लाउडस्पीकर उघड्यावर रात्री १० नंतर बंद, पण तुम्ही तोवर घरी असणार आहात.

८. लागणारे कागद आणि सामान

- मॅनेजमेंटची मंजुरी: मेलवर, रक्कम आणि तारखेसह
- तीन कोटेशनं, त्यांतल्या निवडलेल्याचं सविस्तर: मेन्यू, तास, रद्द केल्यास किती पैसे परत
- आगाऊ रकमेची पावती, कंपनीच्या जीएसटी क्रमांकासह. जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट सहसा मिळत नाही, बजेट करासकट मांडा
- बसचा परवाना, विमा, फिटनेस आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या प्रती
- अभयारण्यात जाणार असाल तर वन खात्याची परवानगी, प्रवेश शुल्काची पावती आणि प्रत्येकाचं ओळखपत्र
- माणसांची यादी छापील: नाव, चढायचा थांबा, घरच्यांचा फोन, रक्तगट, चालू औषधं. नेत्रावळी-मोलेकडे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, फोनमधल्या यादीवर विसंबू नका
- प्रथमोपचार पेटी, ओआरएस, सॅनिटरी पॅड, उलटीसाठी पिशव्या, दोरी, टॉर्च
- एक मोकळी गाडी, ड्रायव्हरसकट. कोणाला अचानक बरं वाटेनासं झालं तर अख्खी बस फिरवावी लागू नये. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८

बजेट मांडताना दहा टक्के वेगळे काढून ठेवा आणि ते कोणालाही सांगू नका, नाहीतर त्याचा केक येतो.

बसवाल्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. सोळा सीटर सांगून तेरा सीटर पाठवणारे आहेत. आदल्या संध्याकाळी गाडीचा फोटो आणि नंबर मागवा. फोटो आला नाही तर लगेच दुसऱ्याला फोन करा, सकाळी सातला करून काही मिळत नाही.

९. प्रत्यक्ष दिवशी

साहेबांचं भाषण दहा मिनिटं, जेवणाआधी, आणि त्यात यंदाच्या टार्गेटचा उल्लेख नको. हे त्यांना सांगणं कठीण असतं. मी कार्यक्रमपत्रिकेवर वेळ छापूनच देते, "११.३०–११.४०", म्हणजे बोलावं लागत नाही.

कोणी खेळात "मी बसते" म्हणाली तर तिला हाताला धरून ओढू नका. गुण मोजायला, चिठ्ठ्या काढायला दोन-तीन माणसं लागतातच, त्या जागा अशांसाठी राखून ठेवा. मात्र वाढपाचं काम बायकांकडे सरकू देऊ नका, ते केटररच्या पोरांचं आहे.

जेवणानंतरचा एक तास रिकामा ठेवा. अगदी रिकामा. दीड वाजता भात-हुमण खाऊन कोणाला रस्सीखेच खेळायची असते? माणसं झाडाखाली आडवी होतात, कोणी गाणं म्हणतं, वेगवेगळ्या विभागांची माणसं एकमेकांच्या पोरांच्या शाळेबद्दल बोलतात. नियोजनाच्या तक्त्यात तो तास मोकळा बघून वरिष्ठ तिथे काहीतरी भरायला सांगतील. "विश्रांती व चहा" असं लिहून टाका.

फोटो काढणाऱ्याला सांगा, आधी विचार. कंपनीच्या पेजवर टाकण्याआधी पुन्हा विचारा. काही मुलींच्या घरी त्या आउटिंगला आल्याचं सांगितलेलं नसतं.

निघताना डोकी दोनदा मोजा.

१०. दुसऱ्या दिवसापासून

शेवटचा माणूस घरी पोहोचल्याचा मेसेज येईपर्यंत फोन बंद करू नका. बिलं तीन दिवसांत अकाउंट्सकडे द्या. स्वतःच्या खिशातून भरलेल्या सुट्या पावत्या आठवड्याने सापडत नाहीत.

आलेल्यांना "कसं वाटलं" विचारलंत तर "बरं झालं" एवढंच कळेल. त्यापेक्षा जे आले नाहीत त्यांच्यातल्या तीन-चार जणांशी चहा घ्या. कार्यक्रमाविषयी काही न विचारता "त्या दिवशी घरी काय होतं?" एवढंच विचारा. कोणाच्या सासऱ्यांचं डायलिसिस बुधवारी असतं, कोणाची गाय वासरू घालणार असते, कोणाला आदल्या महिन्याचा ओव्हरटाइम न मिळाल्याचा राग असतो. पहिल्या दोन गोष्टी पुढच्या वर्षीच्या वहीत लिहा. तिसरी त्याच दिवशी पेरोलकडे न्या.